शत्रूच्या रेडिओवरचं गाणं

मागच्या वर्षी ऑन-कॉल असताना रात्री अडीचला एक सर्व्हर बसला. मी लॉग चाळत होतो आणि हेडफोनमध्ये यूट्यूब आपलं आपण पुढची गाणी लावत होतं. मध्येच एक जुनी, खरखरीत जर्मन रेकॉर्ड लागली. सुरुवातीला बिगुल, मग एका बाईचा जरा थकलेला आवाज. भाषा कळत नव्हती, तरी बदलावंसं वाटलं नाही. नाव होतं ‘लिली मार्लीन’. खाली कॉमेंट्समध्ये बहुतेकांचं एकच: दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंचे सैनिक हे ऐकायचे, गाण्याने शत्रूंना जोडलं. मी लिंक लगेच एका मित्राला टाकली आणि कामाला लागलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो.

गाण्यात लढाई नाहीच. हान्स लाइप हा १९१५ साली बर्लिनमध्ये शिपाई होता, आणि रशियन आघाडीवर निघण्याआधी त्याने ही कविता लिहिली. छावणीच्या गेटजवळ दिव्याचा खांब, त्याखाली भेटणारी मुलगी, आत परतायची वेळ झाल्याचा इशारा. शत्रू नाही, झेंडा नाही. नॉर्बर्ट शुल्त्सेने १९३८ मध्ये चाल लावली, १९३९ मध्ये लाले अँडरसन ते गायली, आणि ती रेकॉर्ड सुरुवातीला फारशी खपली नाही. याच शुल्त्सेने पुढे इंग्लंडवर बॉम्ब टाकण्याचं जोशातलं गाणंही केलं. सरकारला खरं तर तसलंच हवं होतं.

एप्रिल १९४१ मध्ये जर्मनीने बेलग्रेडवर बॉम्बफेक केली, शहर घेतलं आणि तिथलं रेडिओ स्टेशन आपल्या सैनिकांसाठी चालवायला सुरुवात केली. हाताशी रेकॉर्ड थोड्याच, त्यात ही एक. म्हणून ती पुन्हा पुन्हा वाजायची. मध्ये बंद केली तर सैनिकांच्या पत्रांचा ढीग आला. मग रोज रात्री दहाच्या जरा आधी हे गाणं ठरूनच गेलं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. स्टेशन मीडियम वेव्हवर होतं. या लहरी दिवसा जवळपासच ऐकू येतात, पण अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर जातात. लहानपणी आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर रात्रीच अनोळखी भाषा का लागायच्या, ते मला आता कळलं. तर बेलग्रेडचं गाणं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रोमेलच्या सैनिकांपर्यंत पोचायचं, आणि समोर बसलेल्या ब्रिटिश आठव्या आर्मीपर्यंतही. रेडिओला लॉगिन नसतं.

गोबेल्सला हे गाणं आवडत नव्हतं. लाले अँडरसनची झुरिकमधल्या ज्यू कलाकारांशी जुनी मैत्री होती, तेही तिला भोवलं. १९४२ मध्ये तिच्यावर गाण्याची बंदी आली. पुढे परवानगी मिळाली ती अशी, की हे गाणं सोडून बाकीचं गा.

ब्रिटिशांचीही पंचाईत झाली होती. आपली पोरं शत्रूचं गाणं शत्रूच्याच भाषेत गुणगुणतात म्हणजे काय! मग इंग्रजी शब्द आले. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू अभिनेत्री लूसी मानहाइम १९४३ मध्ये बीबीसीवरून त्याच चालीवर गायली, आणि तिच्या गाण्यात त्या दिव्याच्या खांबाला हिटलरला लटकवायचं होतं. मला हे रूप सगळ्यात आवडतं. इटलीत लढणाऱ्या ब्रिटिश शिपायांनी तर या चालीवर आपल्याच देशातल्या बड्या लोकांना टोमणे मारले. कारण नॉर्मंडीची लढाई चुकवून तुम्ही इटलीत मजा मारताय, असं कुणीतरी त्यांना हिणवल्याची वदंता होती.

त्याच आर्मीत, त्याच इटलीत आपली माणसंही होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनवर चालून गेले आणि नंतर गोळी लागून पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. गावी जाताना एसटी माणगावला थांबते, मी वडापाव खातो आणि परत बसतो. हे कुठल्या लढाईतले, असं मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

इथवर आल्यावर गाणं म्हणजे माणुसकीचा पूल वगैरे लिहायचा मोह होतो. पण रात्री ते ऐकून सकाळी तीच माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. आणि बेलग्रेडचं एक राहिलंच. सावा नदीच्या पलीकडे, शहरातून दिसेल अशी सायमिश्ते नावाची छळछावणी होती. मार्च ते मे १९४२ या काळात तिथल्या सुमारे सहा हजार ज्यू माणसांना, बहुतेक बायका-मुलांना, एका बंद ट्रकमध्ये कोंबून मारलं गेलं. इंजिनाचा धूर आत सोडलेला असायचा. ट्रक शहरातून जायचा. आणि रात्री दहाच्या जरा आधी त्याच शहरातून हे गाणं निघायचं.

मित्राला हेही लिहून पाठवलं. ‘मग ऐकायचं की नाही?’ असा त्याचा मेसेज आला. मी अजून ऐकतो. त्या व्हिडिओखाली मात्र सायमिश्तेबद्दल चार ओळी लिहून आलो. त्यांना दोन लाइक मिळालेत, त्यातला एक या मित्राचा.