डोंगराची गस्त

पळसदरी स्टेशनातून रुळांच्या दोन वाटा फुटतात. एक खालच्या अंगाने खोपोलीला जाते, दुसरी खंडाळ्याच्या चढाला लागते. खोपोलीची वाट थोरली. १८५६ साली ती सुरू झाली, तेव्हा पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायचा. चढाची वाट १८६३ मध्ये खुली झाली. पावणेसोळा मैलांत अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे. आराखडा जेम्स बर्कलीचा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. पुढचं काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसबाईंनी, तडीस नेलं. पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. कमरेला दोर बांधून कड्यावर लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या या माणसांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत.

रूळ पडले, पण डोंगर काही रेल्वेचा नोकर झाला नाही. १८६७ च्या जुलैत घाटातला एक मोठा दगडी पूलच कोसळला. दरडी तर दर पावसाळ्याच्या. म्हणून रेल्वेने डोंगरावर माणसं नेमली. आजही पावसाळ्याआधी हिल गँग कड्यावर चढते, सुटायला आलेले धोंडे हेरते आणि गाड्या थांबवून ते पाडते. मग पावसाळाभर रात्रंदिवस गस्त असते. आता लोखंडी जाळ्या आल्या, कॅमेरे आले. पण कंदील गेला तरी गस्तवाला गेलेला नाही.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो आणि उतारांवर मुरूम-मातीची गोधडी. पाऊस मुरत गेला की ही गोधडी जड होते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते आणि ती एकदम घसरते. काश्मीर-लडाखातले हिमकडे थोडेफार असेच सुटतात. जुन्या बर्फात एखादा कच्चा थर राहतो, वर नव्या बर्फाचं ओझं पडतं, आणि अख्खा उतार निघतो. तिकडचे जाणकार बर्फात खड्डा खणून थर तपासतात. इकडच्या खुणा वेगळ्या. जमिनीला भेगा पडतात, झाडं कलतात, नसलेला झरा फुटतो, वाहतं पाणी एकाएकी गढूळ होतं.

या खुणा रेल्वेच्या माणसाला ठाऊक होत्या, तशा डोंगरातल्या ठाकरांनाही होत्या. फरक एवढाच, की रात्री जागून त्या बघण्याचा पगार फक्त रुळांसाठी मिळायचा. घाटातल्या एका केबिनचं नाव ठाकूरवाडी आहे. वस्तीचं नाव तेवढं रेल्वेच्या कागदावर आलं.

दुसरी एक ठाकूरवाडी इर्शाळगडाच्या कुशीत होती, खालापूर तालुक्यातच. सरकारी कागदात इर्शाळवाडी. घरं ४८, माणसं २२८. तिथवर रस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री, तीन दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, वरचा डोंगर घरांवर आला. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून जवानांनी आणि खोपोलीकडच्या गिर्यारोहक पोरांनी पायी चढून हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबला.

धोक्याच्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं विधानसभेत सांगण्यात आलं. खरंच असेल. पण यादी होते कशी? जिथे आधी दरड पडल्याची नोंद आहे तिथून. आणि नोंद कुठे होते? जिथे नोंद करणारा पोचतो तिथे. घाटात गाडी तासभर अडली तरी तिची नोंद असते. वाडीच्या वरचा धोंडा किती पावसाळे हलत होता, हे कोणत्या वहीत लिहिणार? २००५ मध्ये महाडकडची जुई, दासगाव. २०१४ मध्ये पुण्याचं माळीण. २०२१ मध्ये तळिये. माळीण नाहीसं झालंय हे तर एसटीच्या ड्रायव्हरला दिसलं, तेव्हा जगाला कळलं.

इर्शाळवाडीतली वाचलेली माणसं आधी चौकजवळ कंटेनरांत राहिली. मग सिडकोने त्यांच्यासाठी मानिवलीला, खाली सपाटीवर, घरं बांधली. माती न उपसलेली ती जागा वर तशीच आहे, आणि गडाच्या आजूबाजूच्या उतारांवर अजून वाड्या आहेत.