दूरदर्शकाची अल्पखर्ची विषुववृत्तीय बैठक

पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा एका अक्षाभोवती दूरदर्शक फिरविता यावा, म्हणून केलेल्या आधाररचनेस विषुववृत्तीय बैठक असे म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारा दर सेकंदास सु. १५ विकला पश्चिमेकडे सरकताना दिसतो. साध्या बैठकीत दूरदर्शक क्षितिजाला समांतर (दिगंशात) व क्षितिजाला लंब (उन्नतांशात) असा दोन दिशांनी सतत आणि बदलत्या वेगाने हलवावा लागतो. विषुववृत्तीय बैठकीत मात्र एकाच अक्षाला (ध्रुवाक्षाला) एकविध गती दिली की तारा दृष्टिक्षेत्रात स्थिर राहतो. दुसरा अक्ष (क्रांति-अक्ष) वेध्य ताऱ्यावर रोख धरण्यापुरताच लागतो. हे तत्त्व सोपे आहे; परंतु एकविध गती देणारी यंत्रणा दीर्घकाळ वेधशाळांनाच परवडत असे. सामान्य हौशी निरीक्षकाच्या आवाक्यात ती कशी आली, याचा आढावा येथे घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ध्रुवाक्षाची कल्पना दूरदर्शकापेक्षा जुनी आहे. तेराव्या शतकात चीनमध्ये ग्वो शौजिंग यांनी आणि १५८५ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये ट्यूको ब्राए यांनी ध्रुवाक्षावर फिरणारी वलययंत्रे वापरली होती. सवाई जयसिंगांच्या जयपूर येथील वेधशाळेतील सु. २७ मी. उंचीच्या सम्राटयंत्राची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तर तेथील चक्रयंत्राची कडी अशाच अक्षाभोवती फिरते आणि तिच्यावरून ताऱ्याची क्रांती वाचता येते. दूरदर्शकाला अशी बैठक प्रथम सतराव्या शतकात मिळाली. सूर्यावरील डागांच्या निरीक्षणासाठी क्रिस्टोफ शायनर यांनी ती वापरली.

खरी प्रगती १८२४ मध्ये झाली. योझेफ फोन फ्राउनहोफर यांनी डोर्पाट (आताचे टार्टू, एस्टोनिया) येथील वेधशाळेसाठी २४ सेंमी. व्यासाच्या वस्तुभिंगाचा प्रणमनी दूरदर्शक तयार केला. त्याच्या बैठकीत ध्रुवाक्षाच्या एका बाजूस दूरदर्शक व दुसऱ्या बाजूस समतोल राखणारा भार होता आणि खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारी घड्याळयंत्रणा ध्रुवाक्षाला गती देत असे. हा ‘जर्मन’ प्रकार पुढे सर्वत्र रूढ झाला. त्यातील मोठ्या व्यासाचे दंतचक्र व त्यात गुंतणारे मळसूत्र अतिशय अचूक असावे लागते. दात कापण्यातील लहानशी चूकही तारा मागेपुढे डोलविते. साहजिकच बैठकीचा खर्च पुष्कळदा दूरदर्शकाच्या खर्चाच्या बरोबरीने येई.

हौशी निरीक्षकांचे प्रयत्न : अमेरिकेच्या व्हर्‌माँट राज्यातील स्प्रिंगफील्ड या यांत्रिक हत्यारांच्या गावी रसेल पोर्टर यांनी १९२० मध्ये कामगारांना आरसे घासण्यास शिकविले. त्यांच्या मंडळाची माहिती १९२५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात प्रसिद्ध झाली व दूरदर्शक बनविण्याचा छंद झपाट्याने पसरला. या काळातील लोकप्रिय स्वस्त बैठक म्हणजे पाण्याच्या नळांच्या जोडांची बैठक होय. नळाचे आटे हेच तिचे धारवे (बेअरिंग) असत. नळाचा तुकडा स्थानिक अक्षांशाइतका तिरका बसविला की ध्रुवाक्ष तयार होई. तिला गती मात्र हातानेच द्यावी लागे.

सान फ्रान्सिस्को येथे जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांनी १९६० नंतरच्या दशकात विषुववृत्तीय बैठकीचा नादच सोडून दिला. प्लायवुडची पेटी व टेफ्‌लॉनचे तुकडे यांवर फिरणारी त्यांची साधी दिगंश-उन्नतांशी बैठक मोठ्या आरशांना अत्यंत सोयीची ठरली. तथापि तीवरून दीर्घकाळ छायाचित्रण करणे शक्य नव्हते. त्यामुळे अल्पखर्ची अनुसरणाचा (ताऱ्याच्या मागोमाग यंत्र फिरविण्याचा) प्रश्न पुन्हा पुढे आला.

बिजागरी बैठक : या प्रश्नाचे एक सुटसुटीत उत्तर स्कॉटलंडमधील जी. वाय. हेग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. दोन फळ्या बिजागरीने जोडावयाच्या, बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावयाचा आणि खालच्या फळीतील मळसूत्र फिरवून वरची फळी हळूहळू उचलावयाची, एवढीच ही रचना आहे. कॅमेरा वरच्या फळीवर बसवितात. दंतचक्राचे काम येथे लांब भुजा करते. मळसूत्र मिनिटाला एक फेरी फिरत असेल, तर बिजागरीपासून त्याचे अंतर लगतच्या दोन आट्यांमधील अंतराच्या सु. २२८.५ पट असावे लागते. कारण नाक्षत्र दिनातील १,४३६ मिनिटांना वर्तुळाच्या २π ने भागले असता हीच संख्या येते. बाजारात सहज मिळणाऱ्या ६ मिमी. व्यासाच्या प्रमाणित मेट्रिक मळसूत्राच्या आट्यांमधील अंतर १ मिमी. असते. म्हणून भुजा २२८.५ मिमी. ठेवावी लागते. इंचाला २० आटे असलेल्या मळसूत्रासाठी ती सु. २९० मिमी. येते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत मळसूत्र हाताने फिरविले, तरी काम भागते.

त्रुटींचा हिशोब : सरळ मळसूत्र समान वेगाने पुढे जाते; परंतु फळीचा कोन समान वेगाने वाढत नाही. मळसूत्र खालच्या फळीला लंब असल्यास कोनाची स्पर्शज्या कालाच्या प्रमाणात वाढते आणि बैठक ताऱ्याच्या मागे पडू लागते. यास स्पर्शज्या-त्रुटी म्हणतात. ती १० मिनिटांत सु. ६ विकला, २० मिनिटांत सु. ४६ विकला आणि एका तासात सु. २० कला होते, म्हणजे कालाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मळसूत्राची दोन्ही टोके फिरती ठेवून त्रिकोण समद्विभुज केल्यास ही त्रुटी एक-अष्टमांश व उलट दिशेची होते. मळसूत्र वर्तुळकंसात वाकविल्यास ती तत्त्वतः नाहीशी होते.

परंतु प्रत्यक्षात यापेक्षा मोठी त्रुटी ध्रुवाक्षाच्या रोखात असते. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सु. दोन-तृतीयांश अंश दूर आहे. बिजागरी ध्रुवताऱ्यावरच रोखली, तर १० मिनिटांत तारा जास्तीत जास्त सु. पावणेदोन कला ढळतो. ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने घेतलेल्या छायाचित्रात हे ढळणे सु. ०.०२५ मिमी. भरते व डोळ्यास फारसे जाणवत नाही. याउलट अनुसरण न केल्यास तेवढीच रेघ सु. सात सेकंदांत उमटते. मात्र १,००० मिमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकात तीच त्रुटी अर्धा मिमी. होऊन छायाचित्र निरुपयोगी ठरते. यावरून अल्पखर्ची बैठकीचे मर्म ध्यानात येते. वेधशाळेच्या यंत्राची स्वस्त नक्कल करणे हा तिचा मार्ग नव्हे. काल व केंद्रांतर मर्यादित ठेवावयाचे, त्या मर्यादेत कोणती त्रुटी परवडते हे आधी मोजावयाचे आणि तेवढ्याच अचूकतेचा खर्च करावयाचा, ही तिची रीत होय.

पाँसे मंच : फ्रेंच हौशी निरीक्षक आद्रियाँ पाँसे यांनी सुचविलेला मंच १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. यात संपूर्ण दूरदर्शकच एका फळीवर ठेवतात. फळीचा एक आधार टोकदार कीलक असतो आणि इतर दोन पाय ध्रुवाक्षाला लंब असलेल्या तिरप्या पृष्ठावर सरकतात. फळी सु. १५ अंश कलत असल्याने तासभर अनुसरण मिळते व नंतर ती मूळ जागी आणावी लागते. डॉब्सन पद्धतीच्या दूरदर्शकास या मंचामुळे न मोडता विषुववृत्तीय गती देता आली.

हा मंच मध्यम अक्षांशांसाठी योग्य आहे. पुण्याच्या अक्षांशावर (१८.५° उ.) तिरपे पृष्ठ क्षितिजाशी ७१.५ अंशांचा कोन करते, म्हणजे जवळजवळ उभेच राहते. घर्षण सोडून दिल्यास पायांवर येणाऱ्या भाराच्या सु. तिप्पट दाब त्या पृष्ठावर पडतो (४५ अक्षांशावर तो सु. १.४ पट असतो) व कीलकावर मोठा आडवा रेटा येतो. म्हणून कमी अक्षांशांच्या प्रदेशात रुळांवर फिरणारे वर्तुळखंड वापरणे श्रेयस्कर ठरते. तेथे ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा असल्यामुळे खंड उभे राहतात आणि भार सरळ रुळांवर पडतो. एका रचनेस अडचणीचा असणारा अक्षांश दुसरीस अनुकूल ठरतो, तो असा.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात मोठ्या विषुववृत्तीय बैठकीची परंपरा पुणे येथे सुरू झाली. तेथील विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत कावसजी नायगमवाला यांनी ग्रब यांच्या कारखान्यात बनविलेला ५१ सेंमी. व्यासाचा परावर्ती दूरदर्शक वापरला. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद होऊन उपकरणे कोडईकनालला गेली. हौशी निरीक्षणाचे संघटित कार्य पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून केले. आयुकातील कार्यशाळांमुळे अनेक विद्यार्थ्यांनी आपले दूरदर्शक स्वतः घडविले आहेत.

येथील निरीक्षकास दोन विशेष अडचणी येतात. पहिली म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून १६ ते २२ अंशच वर असल्याने तो इमारती, डोंगर वा धुरकट हवा यांआड जातो. अशा वेळी याम्योत्तर वृत्ताजवळील विषुववृत्तीय तारा पाहावा. तो दक्षिणेकडे ढळत असल्यास ध्रुवाक्षाचे उत्तर टोक पूर्वेकडे झुकलेले असते. उत्तरेकडे ढळत असल्यास ते पश्चिमेकडे झुकलेले असते. दुसरी अडचण विजेची होती. समकालिक विद्युत् चलित्राचा वेग प्रत्यावर्ती प्रवाहाच्या कंप्रतेवर अवलंबून असतो. कंप्रता एक टक्क्याने बदलली, तरी १० मिनिटांत दीड कलेची त्रुटी होते. पुढे घटमालेवर चालणारी, स्फटिक-आंदोलकाने नियंत्रित केलेली पदशः फिरणारी चलित्रे (स्टेपर मोटर) स्वस्त झाल्यावर ही अडचण उरली नाही.

सद्यःस्थिती : संगणकामुळे दिगंश-उन्नतांशी बैठकही दोन्ही अक्षांवर बदलत्या वेगाने फिरविता येऊ लागली आणि मोठ्या वेधशाळांनी तीच स्वीकारली आहे, मात्र तीत प्रतिमा स्वतःभोवती फिरत असल्याने वेगळी योजना करावी लागते. अंकीय कॅमेऱ्याने घेतलेली अनेक अल्पकालिक छायाचित्रे एकत्र करता येत असल्यामुळे दीर्घ व निर्दोष अनुसरणाची गरजही कमी झाली आहे. तथापि दोन फळ्या, एक बिजागरी व एक मळसूत्र यांची बैठक शालेय मंडळांत अजूनही उपयुक्त आहे. पृथ्वीचे परिवलन हाताने मोजून घेण्याचा तिच्याइतका स्वस्त मार्ग क्वचितच आढळतो.