देणगीची इमारत आणि देणगीचा टॅब

सीएसआर हा शब्द आपल्याकडे रुळला २०१४ नंतर. कंपनीच्या पैशातून पोरांचं शिक्षण, ही गोष्ट मात्र ठाण्याला त्याच्या निदान पंचेचाळीस वर्षं आधीपासून माहीत आहे. हल्ली वर्तमानपत्रात दर आठवड्याला 'अमुक कंपनीतर्फे टॅब वाटप' अशी बातमी असते, त्यातल्या काही मीच लिहिलेल्या असतात. म्हणून म्हटलं, हा सगळा प्रवास एकदा सलग लिहून काढावा. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

खोपटच्या एसटी स्टँडवरून कॅडबरी जंक्शनकडे चालत निघालात आणि हायवे ओलांडलात की पोखरण रोड एक लागतो. नाक्याला नाव चॉकलेटच्या कारखान्याचं, आणि पुढच्या वस्तीला, जे. के. ग्रामला, नाव एका उद्योगसमूहाचं. रेमंडची लोकरीची मिल इथे १९२५ साली उभी राहिली, १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली. त्याच आवारात १९६९ साली सुलोचनादेवी सिंघानिया शाळा सुरू झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, कल्याणला बिर्ला कॉलेज आलं. शहाडची सेंच्युरी रेयॉन ज्यांची, त्याच बसंतकुमार बिर्लांचं नाव त्या कॉलेजला आहे. डोंबिवलीत पेंढरकर कॉलेज आहे. ते पेंढरकर म्हणजे विकोचे केशव विष्णू पेंढरकर. आपल्यापैकी कितीजण या तिन्ही ठिकाणी शिकले असतील, पण गेटवरच्या नावाकडे कुणी मान वर करून पाहत नाही. सवय झाली की नाव दिसेनासं होतं.

हे मालक काही संत नव्हते. कामगाराचं पोर शाळेत गेलं की कामगार टिकतो, गावात कंपनीचं वजन वाढतं, आणि आईवडिलांचं नाव पाटीवर राहतं. यातलं काहीच लपलेलं नव्हतं. तेव्हा कुठला कायदा मागे लागलेला नव्हता, टक्केवारी नव्हती. पण त्या दानाची एक बाजू आज मला फार मोलाची वाटते. रेमंडची ठाण्यातली मिल २००९ मध्ये बंद झाली, जमिनीवर टॉवर उठले, भोंगा थांबला. शाळा चालू आहे. तिथं प्रवेश मिळवायला आईबापांची किती धावपळ होते, ते ठाणेकराला मी सांगायला नको. देणाऱ्याचा धंदा संपला तरी दिलेली वस्तू मागे राहिली.

आता कायद्याकडे येतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू झालं १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची. शिक्षण त्या यादीत आहेच. जिथे कंपनी चालते तिथल्या परिसराला प्राधान्य द्या, असंही कलमातच लिहिलंय. आणि एक गंमत बघा. फक्त आपल्या कामगारांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या भल्यासाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. म्हणजे जुन्या मालकाने निव्वळ मिलच्या कॉलनीतल्या पोरांसाठी शाळा काढली असती, तर आजच्या हिशेबात ती सीएसआर ठरली नसती! हे योग्यच आहे म्हणा. पण त्यामुळे देणारा आणि घेणारा यांची रोजची गाठ सुटली. मिलमालकाला शाळेची घंटा ऐकू येत होती. आजच्या कंपनीला अहवाल येतो.

याच काळात मोबाइल शाळेत शिरला. सुरुवात कंपन्यांनी केली असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात, पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने मुलांच्या हातात टॅब दिले आणि राज्यभरचे शिक्षक ती शाळा बघायला येऊ लागले. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसलेंनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापले गेले, आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्या कंपनीचं मुख्य ठाणं घणसोलीला, म्हणजे जुन्या ठाणे-बेलापूर केमिकल पट्ट्यातच, हे जाता जाता. बरोबर एक वर्षाने, ५ सप्टेंबर २०१७ ला, सरकारने दीक्षा हे व्यासपीठ सुरू केलं. दोन्ही वेळा शिक्षक दिन, योगायोग चांगला आहे.

मग मार्च २०२०. शाळा बंद, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर. असर पाहणीचे आकडे बघा, हे ग्रामीण भारताचे आहेत. शाळेत जाणारं मूल असलेल्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२० मध्ये ६१.८ टक्के. दोन वर्षांत एवढी उडी, तीही घरोघरच्या पगाराला कात्री लागलेली असताना. हे फोन कुठल्या देणगीतून आलेले नाहीत. आईबापांनी हप्त्यावर घेतले, सेकंडहँड घेतले. ज्या घरात एक फोन आणि तीन पोरं, तिथं बाप फोन घेऊन कामावर गेला की शाळा संपली. ही फट बुजवायला कंपन्या धावल्या आणि टॅब वाटपाची लाट आली. त्या वेळी तो टॅब ज्याच्या घरी पोचला त्याला त्याची किंमत विचारा. मी त्या मदतीला नावं ठेवणार नाही.

प्रश्न पुढचा आहे. वाटपानंतर दीड-दोन वर्षांनी मी अशा एका शाळेत गेलो होतो, नाव लिहीत नाही. टॅब होते. गोदरेजच्या कपाटात, कुलूपबंद. काहींच्या बॅटऱ्या फुगलेल्या, बरेच चार्जर गायब, आणि आतल्या अभ्यासाच्या अ‍ॅपची वर्गणी संपलेली. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, दुरुस्तीला पैसे कुठल्या खात्यातून टाकू? तसा रकानाच नाही." त्यांचं काय चुकलं?

नियम कसे आहेत ते बघा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. ती संस्थेकडे, लाभार्थी गटाकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे जाते. हेतू चांगला आहे, पण वस्तूसोबत तिचं आजारपणही तिकडेच जातं. चालू प्रकल्प म्हणून धरायची मुदत सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षं. आणि परिणाम काय झाला याची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी कधी बंधनकारक? कंपनीची सीएसआरची जबाबदारी सरासरी १० कोटी किंवा जास्त असेल, आणि तो एक प्रकल्प १ कोटी किंवा जास्तीचा असेल, तेव्हाच. वागळे इस्टेटमधल्या मध्यम कंपनीने ४० लाखांचे टॅब वाटले, तर पोरं काय शिकली हे विचारायला कायद्याने कुणी बांधील नाही. किती वाटले एवढं लिहिलं की कागद पूर्ण.

इमारतीत हा त्रास नव्हता असं नाही, छप्पर तिथेही गळतंच. पण इमारत तीन वर्षांत जुनी होत नाही, आणि तिच्यात शिक्षक बसतो. टॅबसोबत शिक्षक येत नाही. असरच्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित काही कामासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे यंत्र आता बहुतेकांच्या घरी पोचलंय. कमी पडतं ते शेजारी बसणारं माणूस. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने हे ओळखून टॅब एकेका मुलाला न देता पाच-सहा मुलांच्या गटाला दिले, सोबत गावातला एखादा तरुण किंवा ताई. या कामाला गूगलच्या दातृत्व शाखेनेही पैसा दिलाय. मला हा मार्ग जास्त पटतो, फोटोत तो तितका उठून दिसत नसला तरी.

तेव्हा एक विनंती. कंपनीने मंजूर केलेले सीएसआर प्रकल्प तिच्या वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे, आणि केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर जिल्हावार खर्चही दिसतो. तुमच्या पोरांच्या शाळेत २०२० नंतर टॅब आले असतील, तर पालकसभेत तीन गोष्टी विचारा. त्यातले आज किती चालू आहेत, दुरुस्ती कुणाकडे, आणि ते वापरायला आठवड्याचा तास कुठला ठेवलाय. उत्तर मिळालं की मला कळवा. खोपट, राबोडी, वागळे इस्टेट आणि पलीकडे कल्याण-डोंबिवली, जमेल तेवढ्या शाळांची यादी करायला मी घेतली आहे. पहिल्या चार शाळांची नावं वहीत आली आहेत.