घरी घडविलेल्या मोटारी आणि त्यांची छायाचित्रे



इतिहासाची साधने म्हटली की बखरी, ताम्रपट, सनदा आणि दप्तरांचे रुमाल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ट्रंकेच्या तळाशी पडलेले, कडा पिवळ्या झालेले छायाचित्रही तसेच एक साधन आहे, हे मात्र आपण सहसा मानीत नाही. आज मी अशाच काही चित्रांविषयी बोलणार आहे : लोकांनी स्वतःच्या हातांनी घडविलेल्या मोटारी, आणि त्यांच्याजवळ उभे राहून काढवून घेतलेली छायाचित्रे. विषय थोडा विक्षिप्त वाटेल. पण वरठीस तो परका वाटू नये. हे गाव भंडारा रोड स्टेशनचे, आणि आता पोलादाच्या कारखान्याचेही. शेजारचे भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. धातूवर चालणारा हात काय करू शकतो, हे येथे वेगळे सांगावयास नको.

या प्रकाराचे माहेरघर अमेरिका. १९०८ साली हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटी गाड्या निघाल्या. प्रारंभी ८५० डॉलरला मिळणारी गाडी १९२५ च्या सुमारास २६० डॉलरवर उतरली. जुनी तर त्याहूनही स्वस्त. शर्यतीची खरी मोटार धनिकांची. पण शेतकऱ्याच्या किंवा लोहाराच्या मुलालाही वेगाची हौस होतीच. त्याने जुनी फोर्ड घ्यावी, तिचा उंच सांगाडा उतरवावा, आणि उघड्या चासीवर पत्र्याचे टोपण व दोन ठेंगण्या बैठका बसवाव्यात. या हलक्या, उघड्या गाडीला ‘स्पीडस्टर’ म्हणत.

अशा गाडीच्या चित्रात पुष्कळदा बैठकांच्या मागे आडवे पिंप दिसते. ते शोभेसाठी नव्हे. मूळ गाडीत पेट्रोलची टाकी बैठकीखाली असे, म्हणून माणूस उंच बसे. बैठक खाली आणावयाची तर टाकी हलविणे भाग होते. आणि पेट्रोल पंपाने नव्हे तर स्वतःच्या वजनाने उतरत असल्यामुळे ती उंचावरच ठेवावी लागे. अशा रीतीने त्या पिंपात घडविणाऱ्याचा सारा विचार उमटलेला असतो. चित्र पाहावयाचे असते, तसे ते वाचावयाचेही असते.

आता काळ कसा ठरवावा? १९१६ पर्यंतच्या फोर्डला पितळी रेडिएटर असे; १९१७ च्या नमुन्यापासून तो काळा झाला. पितळ कृष्णधवल चित्रातही चकाकते. पण येथे घाई करू नये. घरी घडविलेली गाडी ही गोधडीसारखी. तिच्यात जुने-नवे तुकडे एकत्र शिवलेले. म्हणून नियम असा, की चित्रातील सर्वांत जुन्या नव्हे, तर सर्वांत नव्या भागावरून काळ धरावा. पितळी रेडिएटरच्या बाजूला पुढल्या काळातील चाके दिसली, तर चित्र त्या चाकांच्या अगोदरचे असू शकत नाही.

हाच नियम आपल्या घरातील चित्रांना लावून पाहा. आपला जिल्हा मध्यप्रांतात होता, मग मध्यप्रदेशात. १९५६ च्या नोव्हेंबरात द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मोटारीच्या नंबरपट्टीवर प्रांताची अक्षरे असतात. ‘एमएच’ अशी अक्षरे दिसली, तर मागे कोणीही ‘१९५०’ लिहिलेले असो, चित्र महाराष्ट्र झाल्यानंतरचेच. सुकाणू डावीकडे दिसले, तर गाडी परदेशातील आहे की काच उलटी छापली गेली, हे पट्टीवरील अक्षरे पाहून ठरवावे. आणि जत्रेतल्या छायाचित्रकाराकडे लाकडी फळीवर रंगविलेली मोटारही असे. तेव्हा चाकांची सावली जमिनीवर पडली आहे की नाही, हेही पाहावे!

आपल्याकडे अशी गाडी कोणी घडविली काय? होय. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ च्या सुमारास दोन माणसांची एक लहान मोटार तयार केली. ‘मीरा’ या नावाने ती ओळखली जाते. पुढे १९७० च्या सुमारापर्यंत ते तिचे सुधारलेले नमुने करीत राहिले. अमेरिकन तरुणाला इंजिन आणि चासी आयती मिळत होती. शंकररावांनी मात्र गाडीच मुळापासून योजली. तो काळही अनुकूल नव्हता. १९५१ च्या कायद्याने मोठे उद्योग परवान्याखाली आले, आणि मोटारी बनविण्याचे काम मोजक्या कारखान्यांकडे राहिले. ‘मीरा’ बाजारात आली नाही. छायाचित्रे नसती, तर ती एक दंतकथा ठरली असती.

शेवटी गाडीवरून नजर काढून माणसांकडे वळू. शंकररावांचे नाव राहिले, कारण घडविणारा आणि मालक एकच होता. एरव्ही आपल्या जुन्या चित्रांत काय दिसते? फेटा बांधलेले मालगुजार किंवा वकीलसाहेब सुकाणूपाशी बसलेले, मुले पायदानावर. आणि अगदी कडेला, अर्धा चौकटीबाहेर गेलेला, हाताला काळे लागलेला एक मनुष्य. तो मिस्त्री. आयत्या चासीवर सागवानाचा सांगाडा आणि पत्रा चढवून लॉरी व बस उभी करणारे असे हात आपल्या गावोगावी होते. मालकाचे नाव सातबाऱ्यावर, गाडीच्या कागदांवर, कदाचित रस्त्याच्या पाटीवरही सापडेल. मिस्त्रीचे मात्र कोठेच सापडणार नाही. तो दिसतो फक्त या चित्राच्या कडेला; आणि चौकट नीटनेटकी व्हावी म्हणून ती कडच आपण कातरून टाकतो!

म्हणून माझे मागणे लहान आहे. घरी गेल्यावर ट्रंक उघडा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा, आणि चित्रातल्या प्रत्येकाचे नाव विचारा. प्रथम कडेला उभ्या असलेल्याचे. ते मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. शाई पुढे उमटते. गाडी गंजून गेली, ती परत येणार नाही. पण ती ज्याने घडविली त्याचे नाव अजून कोणाच्या तरी आठवणीत असेल, आणि ती आठवण आपली वाट पाहत फार दिवस थांबणार नाही.