संबंधितांस सूचना मिळाली काय?

सरकारी कचेरीत ज्यांनी चार वर्षे काढली आहेत, त्यांना परिपत्रकाच्या तळाची एक ओळ पाठ असते : ‘सदर बाब सर्व संबंधितांच्या निदर्शनास आणावी.’ ओळ लिहिणारा लिहून मोकळा होतो, जावक क्रमांक पडतो, प्रत नस्तीत लागते. ती बाब संबंधितांच्या निदर्शनास खरोखर आली की नाही, हे विचारायला कोणी परत जात नाही. आम्हीही कधी गेलो नाही. या लेखाचा विषय एका औषधाचा इतिहास हा आहे. परंतु तो वाचताना आम्हाला आमच्याच टेबलाची आठवण वारंवार झाली, म्हणून प्रारंभी हे सांगितले.

गेली पाच वर्षे आमचा मुक्काम तिरुवनंतपुरमला आहे. कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाची बिले तपासणे हे आमच्याकडील कामांपैकी एक. त्या बिलांत सोडियम व्हॅल्प्रोएट हे नाव कितीदा आमच्या नजरेखालून गेले असेल याची गणती नाही. नाव वाचायचे, रक्कम जुळवायची, सही करायची. गेल्या वर्षी मिरजेहून वडिलांचा फोन आला नसता, तर ते नाव आमच्या लेखी बिलातील एक बाब एवढेच राहिले असते.

आमच्या धाकट्या बहिणीला वयाच्या चौदाव्या वर्षापासून आकडीचा विकार आहे. दहा वर्षे ती हेच औषध घेते, आणि त्याच्याच कृपेने गेली चार वर्षे तिला एकदाही आकडी आलेली नाही. तिचे लग्न ठरत होते. वडिलांचे म्हणणे असे, की स्थळ चांगले आहे, तिकडे काही बोलू नये. आणि लग्नाच्या आठ दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असणार, तेव्हा तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवल्या तर काय होईल, हे आम्ही तिकडच्या एखाद्या डॉक्टरांना विचारावे. आम्ही विचारले. पुढे जे कळत गेले, ते बहिणीच्या संमतीने येथे मांडीत आहोत.

अपस्मार हा आपल्याकडे फार जुना परिचयाचा रोग. चरकसंहितेत त्यावर स्वतंत्र विवेचन आहे, आणि स्मृतीचा लोप हेच लक्षण त्याच्या नावात गोवलेले आहे. लोकव्यवहारात मात्र कांदा किंवा पायातला जोडा हुंगवण्यापलीकडे आपली मजल फारशी गेली नाही. पाश्चात्त्य वैद्यकातही १८५७ साली लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी ब्रोमाइडचा उपयोग सांगेपर्यंत गुणकारी म्हणावे असे औषध नव्हते. १९१२ साली फेनोबार्बिटॉल आले, १९३८ साली फेनिटॉइन. व्हॅल्प्रोएट त्यानंतरचे, आणि ते सापडले ते योगायोगाने.

वस्तुतः हा पदार्थ १८८२ सालीच बर्टन या अमेरिकन रसायनज्ञाने तयार केला होता. व्हॅलेरियनच्या मुळीत जे व्हॅलेरिक आम्ल असते, त्याच्याशी या पदार्थाच्या रचनेचे साम्य आहे. आयुर्वेदातील तगर ही त्याच वंशातील मुळी. (अंगणातील पांढऱ्या फुलांची तगर निराळी.) पुढची ऐंशी वर्षे या आम्लाचा उपयोग इतर पदार्थ विरघळवण्यापुरताच होत राहिला. ते स्वतः शरीरावर काही परिणाम करीत असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही.

१९६३ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे पिएर एमार, जॉर्ज कारा, म्युनिए आदी संशोधक काही नव्या संयुगांची परीक्षा करीत होते. ती संयुगे सहजी विरघळत नसत, म्हणून हे जुने द्रावक वापरण्यात आले. प्राण्यांना कृत्रिम रीतीने आणलेले झटके थांबतात काय, हे पाहायचे होते. ते थांबले, परंतु एकूण एक संयुगाने थांबले. रचनेने भिन्न असलेल्या साऱ्याच पदार्थांनी सारखाच गुण दाखवावा, हे संशयास्पद होते. अखेर नुसते द्रावकच देऊन पाहण्यात आले, आणि सारे श्रेय त्याचेच असल्याचे निष्पन्न झाले. १९६७ साली ‘देपाकीन’ या नावाने हे औषध फ्रान्समध्ये विक्रीस आले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९७८ साली.

त्याचा गुण मोठा आहे, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. मूल क्षणभर शून्यात पाहत राहते तो प्रकार असो, सकाळी हातातील कपबशी एकाएकी उडवणारे झटके असोत, की सर्वांग ताठ होऊन येणारी मोठी आकडी असो, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम व्यापणाऱ्या अपस्मारावर त्याच्या तोडीचे औषध क्वचितच आढळते. २००७ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीतही अशा रुग्णांत तेच सरस ठरले. मेंदूतील पेशींची उत्तेजना शमवणारे ‘गाबा’ नावाचे द्रव्य ते वाढवते आणि पेशींतील सोडियमची वाट काही अंशी रोखते, असे त्याचे कार्य सांगतात. द्विध्रुवी मनोविकारातही, म्हणजे उन्माद आणि विषाद ज्यात आळीपाळीने येतात त्या विकारातही, त्याचा उपयोग होतो. पिएर लांबेर या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९६६ सालीच त्याच्या एका भावंड-संयुगाविषयी तसे लिहिले होते. १९४९ साली ऑस्ट्रेलियात केड यांनी लिथियमचा गुण दाखवला, त्यानंतर उन्मादावरील हा दुसरा महत्त्वाचा आधार. अमेरिकेने उन्मादासाठी त्याला १९९५ साली मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थान मिळाले ते या गुणांमुळेच.

आता दुसरी बाजू. वजन वाढणे, हात कापणे, केस गळणे हे त्रास पुष्कळांना होतात. यकृतावरील आघात विरळा, पण प्राणघातक. अमेरिकेतील १९८७ सालच्या एका पाहणीत असे दिसले, की दोन वर्षांखालील जी मुले याच्यासोबत अन्य औषधेही घेत होती, त्यांच्यात ५०० पैकी एक या आघाताने दगावले. एकट्या व्हॅल्प्रोएटवर असलेल्या रुग्णांत हे प्रमाण ३७,००० त एक होते. स्वादुपिंडाचा दाहही होऊ शकतो. म्हणूनच सतत उलट्या, पोटदुखी, कावीळ किंवा अकारण ग्लानी आल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे, असा इशारा असतो. या धोक्यांचे वर्तमान त्या मानाने लवकर पसरले.

जे पसरले नाही ते पोटातील बाळाविषयीचे.

१९८२ साली लिऑन येथील एलिझाबेथ रोबेर आणि गिबो यांनी ‘लॅन्सेट’मध्ये कळवले, की गरोदरपणाच्या आरंभी हे औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत पाठीच्या कण्याची नळी उघडी राहण्याचा दोष अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक दिसतो. १९८४ साली अशा मुलांच्या चेहऱ्याची विशिष्ट ठेवण आणि अन्य दोष यांचे एकत्र वर्णन प्रसिद्ध झाले. २००९ साली अमेरिका व ब्रिटन येथील मुलांचा अभ्यास पुढे आला : तीन वर्षांच्या वयात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक, लॅमोट्रिजिन घेतलेल्या मातांच्या मुलांपेक्षा सरासरीने ९ गुणांनी कमी भरला. सर्वसाधारणपणे १०० बाळांत दोन-तीन बाळांना जन्मतः मोठे व्यंग असते. या औषधाने ते प्रमाण दहाच्या घरात जाते. शिवाय १०० पैकी ३० ते ४० मुलांच्या बोलण्या-चालण्यात, शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी येतात. मात्रा जितकी मोठी तितका धोका मोठा.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बाळाच्या कण्याची ही नळी गर्भधारणेपासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते. त्या वेळी पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ स्त्रियांना आपल्याला दिवस गेले आहेत हे तोवर उमगलेलेही नसते. सबब गरोदरपण कळल्यावर दिलेली सूचना या दोषापुरती उशिराचीच ठरते. ती लग्नाआधी, मूल होऊ देण्याचा विचार मनात येण्याआधी पोचायला हवी.

ती का पोचली नाही? याचे एक उत्तर ब्रिटनच्या दप्तरात सापडले. १९७३ साली तेथील औषध-सुरक्षा समितीपुढे अपस्मारावरील औषधे आणि जन्मदोष यांचा प्रश्न आला होता. डॉक्टरांना कळवावे, परंतु वेष्टनातील पत्रकात तसे छापू नये, कारण मग ते रुग्णांच्याच दृष्टीस पडेल, अशा आशयाची नोंद त्या कागदपत्रांत आहे. ही कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारातून २०१७ साली उजेडात आली. नोंद करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्हाला वाटत नाही. स्त्रिया भिऊन औषध सोडतील आणि आकडीने मरतील, ही भीती खोटी नव्हती. तथापि त्या टिपणीने जिचा जीव आणि जिचे मूल, तिलाच ‘संबंधितां’च्या यादीतून वगळले. अशा टिपण्या आम्ही आमच्या नस्त्यांत पाहिल्या आहेत. त्यांची भाषा नेहमीच सभ्य असते.

फ्रान्समध्ये पीडित मुलांच्या कुटुंबांनी २०११ साली मारीन मार्तें यांच्या पुढाकाराने संघटना उभारली. १९६७ ते २०१६ या काळात या औषधामुळे मोठे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांची संख्या २,१५० ते ४,१०० असावी, असा अंदाज तेथील शासकीय यंत्रणांनी २०१७ साली दिला. २०२० साली एका प्रशासकीय न्यायालयाने खुद्द शासनालाही अंशतः जबाबदार धरले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबर्लेज यांच्या समितीचा अहवाल आला. स्त्रियांचे म्हणणे दशकानुदशके ऐकून घेतले गेले नाही, हा त्याचा सारांश. युरोपात २०१८ पासून गर्भधारणा टाळण्याच्या पक्क्या व्यवस्थेवाचून मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना हे औषध देण्यास मनाई झाली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा स्त्रियांना व मुलींना ते देऊ नये असे स्पष्ट केले. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये ५५ वर्षांखालील कोणाही नव्या रुग्णास, मग तो पुरुष असो वा स्त्री, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे संमती दिल्याखेरीज ते सुरू करता येत नाही.

आम्ही राहतो त्या तिरुवनंतपुरमात, श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत, १९९८ साली डॉ. संजीव थॉमस यांनी अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही सुरू केली. व्हॅल्प्रोएटच्या मात्रेबरोबर जन्मदोष वाढतात, हे आपल्या देशातील मातांच्या बाबतीतही तेथून दाखवण्यात आले. त्या संस्थेवरून आम्ही कितीदा तरी गेलो असू. आत काय नोंदवले जाते, आणि त्याचा मिरजेतील आमच्या घराशी काय संबंध, हे आम्हाला वडिलांच्या फोननंतर कळले.

परंतु आपल्याकडील अडचण पत्रकात काय छापले एवढ्यापुरती नाही. आपण रोगच लपवतो. १९७६ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत दुरुस्ती होऊन, अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहास बाधक गोष्ट ठरवण्यात आली होती. १९९९ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द दोन्ही कायद्यांतून काढून टाकला. राजपत्रातून तो गेला. आमच्या घरातून गेला नव्हता. लपवलेल्या रोगाचे औषधही लपवावे लागते. ते कपाटात दडते, पाहुण्यांपुढे चुकते, आणि सासरी ते कशाचे आहे हे विचारणाऱ्याला ‘शक्तीच्या गोळ्या’ असे सांगावे लागते. अशा गोळीविषयी डॉक्टरांना प्रश्न विचारायचा तो कोणी आणि कधी?

आमच्या चौकशीला येथील डॉक्टरांनी दिलेली उत्तरे सरळ होती. आठ दिवस तर सोडाच, हे औषध एकाएकी बंद केले तर आकडीमागून आकडी येऊन जीव जाऊ शकतो. ते बदलायचे तर हळूहळू, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आणि मूल होण्याच्या पुष्कळ आधी. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटॅम यांनी जन्मदोषांचा धोका पुष्कळ कमी राहतो; मात्र त्यांनी प्रत्येकीची आकडी आवरेलच असे नाही. म्हणून हा निर्णय जिचा तिने, सर्व समजून घेऊन करायचा.

त्या रात्री आम्ही वडिलांना फोन करणार होतो. दोनदा नंबर काढला आणि ठेवला. मग बहिणीलाच केला. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “दादा, दहा वर्षांत हे मला कोणीच का सांगितले नाही?” यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. तिच्या डॉक्टरांनी सांगितले नाही, हे खरे. पण आम्हीही दर महिन्याला हे नाव वाचून सही करीत होतो आणि घरी तीच गोळी चालू आहे हे जाणत होतो.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः वडिलांना घेऊन मेंदूरोगतज्ज्ञांकडे गेली. औषध बदलण्यास सुरुवात झाली असून त्यास काही महिने लागतील. स्थळाकडेही तिनेच सांगावयास लावले. तिकडून अद्याप उत्तर आलेले नाही. वडील त्यामुळे काहीसे खिन्न असतात.

आमच्या टेबलावर बिले येतच आहेत. कोणाच्या आजाराविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि नसावाही. परंतु हे मासिक ज्या घरांत जाते, ती घरेही आमच्यासारखीच बदलीच्या गावी, आप्तांपासून दूर आहेत. त्यांपैकी एखाद्या घरी हे औषध चालू असेल, तर एवढेच करावे : आपल्या मनाने ते एक दिवसही बंद करू नये, आणि ते जी घेते, तिला हे सारे सांगितले गेले आहे काय, हे तिलाच विचारावे.