झांकली मूठ

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मुठींत काय आहे हें म्हण सांगत नाहीं. आंत रुपया असेल, सुपारी असेल, किंवा कांहीं नसेलही. मोल आहे तें मूठ मिटलेली असण्याला. माणसाचा खासगीपणा ही कल्पना आपल्याकडे विलायतेंतून आली, असें म्हणणारे विद्वान् भेटतात, तेव्हां मला या म्हणीची आठवण होते. घरांतली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नये, असें बजावणाऱ्या आपल्या आज्या कांहीं विलायतेंत शिकून आल्या नव्हत्या. ही मूठ उघडून पाहण्याचे जे उद्योग गेल्या तीन शतकांत आपल्या मुलखांत झाले, त्यांपैकीं कांहींची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

राज्य म्हटलें कीं मोजदाद आलीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागें एक गोप नेमावा असें सांगितलें आहे. त्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषांची जात, गोत्र, नांव, धंदा, एवढेंच नव्हे तर जमा आणि खर्च हींही त्यानें जाणून घ्यावीं. पुढें खानेसुमारी आली, इंग्रजांची शिरगणती आली. त्यांत वावगें कांहीं नाहीं. किती तोंडें आहेत हें ठाऊक नसेल तर दुष्काळांत धान्य किती पाठवावें हें कसें कळणार? स्वतंत्र भारतानें १९४८ सालीं जनगणनेचा कायदा केला. त्याच्या पंधराव्या कलमानें गणकाच्या नोंदी कोणालाही पाहावयास मिळत नाहींत, आणि कोर्टांत पुरावा म्हणून त्या पुढें आणतां येत नाहींत. म्हणजे सरकार विचारील आणि माणूस सांगेल, पण सांगितलेलें त्याच्यावर उलटणार नाहीं, असा हा करार आहे. शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्यांना हें कलम परिचित असतें, कारण घरोघरीं फिरण्याचें तें काम बहुधा आमच्याच गळ्यांत पडतें.

असा करार जेथें नव्हता, तेथें काय झालें? आमचें मीरा-भाईंदर हें जुन्या साष्टी बेटाचें उत्तर टोंक. १५३४ सालच्या तहानें वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि मराठ्यांनीं तो १७३७ ते १७३९ या मोहिमेंत सोडविला. मधल्या काळांत गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायपीठाचा, अंमल पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज मुलखावर चाले. त्या न्यायपीठानें १७३६ सालीं गोव्यांत एक जाहीरनामा काढला. बाटून ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं जुन्या चालीरीति पाळूं नयेत म्हणून त्यांत एक लांबलचक यादी दिली होती. अंगणांत तुळस नको, हें एक वेळ समजूं शकतें. परंतु भात शिजवितांना त्यांत मीठ न घालतां तें मागाहून घेणें, हाही त्या यादींतला एक अपराध होता. भाताच्या तपेल्यांत मीठ केव्हां पडलें, याची दखल राजसत्ता घेऊं लागली! आणि ही दखल घेणार कोण? शिपाई चुलीपाशीं बसूं शकत नाहीं. मग शेजारी, नोकर, प्रसंगीं घरांतीलच माणूस कान आणि डोळे होतो. मिठागरांच्या आमच्या गांवांत राहून ही हकीकत वाचतांना जीव कासावीस होतो. १८१२ सालीं तें न्यायपीठ कायमचें बंद झालें, आणि त्याच्या खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट करण्यांत आले. ज्यांच्या मुठी उघडल्या गेल्या, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंही त्यामुळें आपल्याला कळणार नाहींत.

आतां पुण्याकडे वळूं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघीं चार कलमें. पण अधिकार असे दिले कीं त्यांना काठ नव्हता, आणि त्याखालीं सद्हेतूनें केलेल्या कृत्याबद्दल कोणावर फिर्याद करतां येऊं नये, अशी तरतूदही त्यांत होती. पुण्यांत रँडसाहेबांच्या कमिटीनें मार्चपासून मे महिन्यापर्यंत घरझडत्या घेतल्या. गोरे सोजीर घरांत शिरत. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद त्यांना कळत नव्हता आणि कळवून घ्यावा असें वाटतही नव्हतें. काखेंत किंवा जांघेंत गांठ आहे कीं काय हें पाहण्यासाठीं माणसांना, बायकांनासुद्धां, दारांत उभें करून तपासल्याच्या तक्रारी झाल्या. रोग्याला इस्पितळांत, घरच्यांना छावणींत, आणि सामानसुमान जाळावयास.

येथें मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्लेग खरा होता आणि माणसें खरोखर मरत होतीं. रोगी निराळा ठेवणें हें शास्त्राला धरूनच होतें. टिळकांनींही रोगनिवारणाला विरोध केला नव्हता, त्यांचा रोष होता तो रीतीवर. हेतु चांगला असला म्हणजे दार ठोठावण्याची गरज उरत नाहीं, ही जी समजूत अधिकाऱ्यांच्या मनांत घर करते, तिचा हा इतिहास आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढें तिघे भाऊ फांसावर गेले. तो चार कलमांचा कायदा मात्र जिवंत राहिला, आणि मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथींत महाराष्ट्रानें तोच पुन्हां हातीं घेतला. घरांत अलग राहावयाच्या माणसांच्या मनगटाच्या मागें तेव्हां शाईचे शिक्के उठले, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. या वेळीं सोजीर नव्हते, सेवाभाव पुष्कळ होता, आणि धोकाही मोठा होता. तरी रोग्याचें नांव व पत्ता तासाभरांत साऱ्या गांवाच्या मोबाईलवर फिरत असे, हेंही विसरूं नये.

त्याच १८९७ सालच्या जूनमध्यें कलकत्त्यास जगांतील पहिलें ठसे-कार्यालय उघडलें. त्याचें बीज त्याच्याही अगोदरचें. १८५८ सालीं जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या अधिकाऱ्यानें रस्त्याच्या खडीच्या करारावर एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा उठवून घेतला होता. बोटांवरच्या रेषांची वर्गवारी बसविण्याचें किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघां हिंदी कामगारांनीं केलें, आणि पद्धतीला नांव पडलें तें त्यांच्या साहेबाचें, हेन्रीचें! असो. शाई आणि अंगठा यांची गांठ पडली ती अशी.

हा अंगठा महाराष्ट्रांत कोणाच्या वांट्याला प्रथम आला? गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालचा. १९११ सालीं तो नव्यानें होऊन मुंबई इलाख्याला लागू झाला. कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींच्या माणसांचीं नांवें रजिस्टरांत चढूं लागलीं. चोरी केली म्हणून नव्हे, तर त्या जातींत जन्मले म्हणून. ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळीं हजेरी द्यावी लागे. गांव सोडावयाचा तर पास हवा. सोलापुरास गिरण्यांच्या आसऱ्यानें मोठी वसाहत उभी राहिली. तिच्याभोंवतीं तारेचें कुंपण होतें, आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द तिकडच्या बोलींत असा रुजला कीं तो इंग्रजी आहे याची आठवण कोणाला राहिली नाहीं. स्टार्ट नांवाचे अधिकारी या वसाहतींचे प्रमुख होते. शाळा, धंदेशिक्षण, गिरणींतील काम या मार्गांनीं माणसें सुधारावीं अशी त्यांची कळकळ होती, आणि ती खोटी होती असें मला वाटत नाहीं. परंतु कळकळीचें कुंपणही कुंपणच असतें.

हजेरी हा शब्द आम्हां शिक्षकांच्या जिभेवर सदैव असतो. वर्गांत नांव पुकारलें कीं पोर ‘हजर’ म्हणतें, आणि त्यांत त्याला आपण मोजले गेल्याचा आनंदही असतो. हाच शब्द त्या वसाहतींत बापाला रोज उच्चारावा लागे, आणि पोर तो ऐके. दोन्हीं पटांवर नांवापुढची खूण सारखीच. एकींत पोर आल्याची नोंद आहे, तर दुसरींत बाप पळाला नसल्याची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा देशभर रद्द झाला, आणि विमुक्त म्हणविणारे लोक तो दिवस आजही पाळतात. पण वहींतून नांव पुसलें म्हणजे मनांतून पुसलें असें नाहीं. गांवांत चोरी झाली कीं पारध्याच्या पालाकडे पहिल्यानें पाहणारी नजर आपल्यांतून गेली आहे, असें छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न न्यायासनापुढें गेला. रात्रीं-बेरात्रीं पोलिसांनीं दार ठोठावून संशयिताची पाहणी करणें योग्य काय, असा उत्तर प्रदेशांतील एक खटला १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत निघाला. रात्रींच्या त्या भेटी न्यायालयानें रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, असेंही बहुमतानें म्हटलें. न्यायमूर्ति सुब्बाराव यांचें मत निराळें पडलें. हें निराळें मत मान्य व्हावयास पंचावन्न वर्षें जावीं लागलीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमुखानें सांगितलें कीं, खासगीपणा हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे. चौघांच्या वतीनें मुख्य निकाल लिहिला तो न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं. त्यांचे वडील यशवंतराव हे १९७६ च्या आणीबाणींतील त्या प्रसिद्ध निकालांत बहुमताच्या बाजूस होते. अटकेंतल्या माणसाला कोर्टाचें दार त्या निकालानें बंद झालें होतें. तो निकाल चुकीचा होता, असें मुलानें याच निकालपत्रांत लिहून ठेवलें. मराठी घराण्यांतील ही हकीकत आमच्या क्रमिक पुस्तकांत यावयास हवी होती.

हा खटला उभा राहिला तो आधार क्रमांकावरून. त्या क्रमांकाचा आरंभही महाराष्ट्रांतलाच. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवांत पहिले क्रमांक वाटले गेले. दहा बोटें, दोन डोळ्यांचीं बुबुळें आणि बारा आंकडे. ज्याच्यापाशीं जन्माचा दाखला नाहीं, त्याला ‘मी आहें’ असें सिद्ध करतां यावें, हा हेतु थोर होता आणि अनेकांना त्याचा लाभ झाला. पण राबून राबून रेषा झिजलेल्या बोटाला यंत्र ओळखीत नाहीं, हाही अनुभव आहे. म्हाताऱ्या पेन्शनवाल्यांना तो मुद्दाम सांगावयास नको. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानें आधार कायम राहिलें, परंतु खासगी कंपन्यांनीं त्याची सक्ति करण्याची वाट बंद झाली.

खासगी कंपन्या म्हटल्या कीं मला माझें गांव आठवतें. १७३६ सालीं, १८९७ सालीं किंवा सोलापूरच्या कुंपणांत, मूठ उघडणारा हात सरकारचा होता. आतां तसें राहिलेलें नाहीं. २०१६ च्या ऑक्टोबरांत ठाणें पोलिसांनीं मीरा रोडच्या कांहीं इमारतींवर रात्रीं छापे घातले. सातशेंहून अधिक तरुण-तरुणी तेथें कानाला यंत्रें लावून बसलेल्या आढळल्या. आरोप असा होता कीं, अमेरिकेंतील लोकांना फोन करून ‘आम्ही तुमच्या कर-खात्याचे अधिकारी, तुमची बाकी आहे, आतांच भरा नाहीं तर अटक होईल’ असें हीं मुलें धमकावीत. त्याच महिन्याच्या २७ तारखेस अमेरिकेच्या न्यायखात्यानें, मुख्यतः अहमदाबादेंतील अशाच केंद्रांबाबत, एकसष्ट व्यक्ति व संस्थांवरील आरोपपत्र उघड केलें. फसलेल्यांची संख्या निदान १५,००० सांगितली गेली. बळी सांपडत कसे? त्या आरोपपत्रांत उत्तर आहे: माहितीच्या दलालांकडून. कोणाचें नांव काय, फोन कोणता, तो राहतो कोठें, अशा याद्या बाजारांत विकत मिळतात. हजारों कोसांवरच्या एखाद्या म्हातारीनें कधीं तरी कोणत्या तरी दुकानांत भरून दिलेला कागद फिरत फिरत दलालापाशीं पोंचतो, आणि मीरा रोडचा कोणी पोरगा खोटें इंग्रजी नांव घेऊन तिला रात्रीं-अपरात्रीं घाबरवितो. तो पोरगा आपल्याच कोणाच्या तरी वर्गांतून गेलेला असणार, हा विचार शिक्षकाला झोंप येऊं देत नाहीं.

आणि आपणही असे कागद रोज भरतोंच कीं! दुकानांत दोन पैशांच्या सवलतीसाठीं फोन-नंबर सांगतों. गृहसंकुलाच्या फाटकावर पूर्वीं एक मळकट वही असे. आतां पाहुण्याचा फोटो मोबाईलमध्यें टिपला जातो, आणि तो कोठल्या कंपनीच्या कोठारांत किती वर्षें पडून राहतो हें फाटकावरच्या रखवालदाराला ठाऊक नसतें, सोसायटीच्या सेक्रेटरीलाही नसतें. इन्क्विझिशनला शेजारी फोडावा लागे. आमच्या खिशांतील यंत्र न फोडतां बोलतें.

व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२३ मध्यें केला. माहिती घ्यावयाची तर संमति हवी, ज्या कामासाठीं घेतली तें संपलें कीं ती पुसावी, आणि हलगर्जीपणा झाला तर अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंड, असें त्यांत आहे. कंपन्यांचे हात त्यानें बरेच बांधले, सरकारचे मात्र पुष्कळ मोकळे ठेवले, कारण सुरक्षिततेच्या कारणास्तव सरकारी खात्यांना सूट देण्याची तरतूदही त्यांतच आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधनें त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे २०२७ च्या मे महिन्याच्या सुमारास लागू व्हावयाचीं ठरलीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत जनगणनेचे गणक घरोघरीं जातील, अशी घोषणाही २०२५ सालींच झाली. या खेपेस कागदाऐवजीं मोबाईलवर नोंद व्हावयाची, आणि जातही विचारली जावयाची. गणक बहुधा जवळच्या शाळेंतील शिक्षकच असेल. त्याला १९४८ च्या कायद्याचें पंधरावें कलम पाठ आहे ना, एवढें दारांत उभ्या असलेल्या माणसानें त्याला अवश्य विचारावें.