पान आहे, पण सापडत नाही

मराठी लेखातलं एखादं वाक्य तुम्हाला पाठ असतं. ते जसंच्या तसं गूगलमध्ये टाकलं, तरी लेख येत नाही. कुणीतरी लिंक पाठवली की मात्र तोच लेख मोबाइलवर व्यवस्थित उघडतो. म्हणजे लेख वेबवर आहे, पण सर्च इंजिनच्या लेखी तो नाही.

छोट्या मराठी नियतकालिकांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. ‘आमचं पान गूगलवर का दिसत नाही?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. कारण शोधताना मी एक यादी समोर ठेवते आणि एकेक मुद्दा तपासत जाते. त्या यादीतला प्रत्येक मुद्दा कोणत्या तरी सालात जन्मला आहे, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. ती दुरुस्तीची यादी आहे, तसाच वेबचा इतिहासही आहे. त्यातलं एक पान तर थेट मराठीचं आहे.

आधी थोडं सर्च इंजिनबद्दल. तुम्ही शब्द टाकता तेव्हा ते त्या क्षणी सगळं वेब धुंडाळत नाही. आधीच बनवून ठेवलेल्या सूचीत बघतं. पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची यादी असते, तशी ही सूची, म्हणजे इंडेक्स. ती बनवण्यासाठी क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर फिरत पानं आणतो आणि मग त्यांतले शब्द नोंदले जातात. त्यामुळे पान सापडत नसेल तर पहिले दोन प्रश्न ठरलेले: क्रॉलर पानापर्यंत पोहोचला का? आणि पोहोचल्यावर त्याला ते वाचता आलं का?

पहिल्या प्रश्नाची गोष्ट १९९३ सालची. एमआयटीतल्या मॅथ्यू ग्रेने वेब केवढं आहे हे मोजण्यासाठी एक प्रोग्राम सोडला. जून १९९३मध्ये त्याला सगळ्या जगात १३० वेबसाइट सापडल्या आणि डिसेंबरपर्यंत ६२३. त्याच डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचरने जम्पस्टेशन सुरू केलं. ते पानांची शीर्षकं आणि मथळे तेवढे नोंदवायचं. एप्रिल १९९४मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टनचा वेबक्रॉलर आला आणि पानातला सगळा मजकूर शोधता येऊ लागला.

हे पाहुणे सगळ्यांनाच आवडले असं नाही. तेव्हाचे सर्व्हर लहान होते. एखादा क्रॉलर भराभर पानं मागू लागला, तर सर्व्हरला दम लागायचा आणि खरा वाचक ताटकळत राहायचा. ब्रिटनमधल्या नेक्सर कंपनीत काम करणाऱ्या मार्टिन कोस्टरने १९९४च्या सुरुवातीला यावर एक साधा उपाय सुचवला. प्रत्येक साइटने ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवायची. कोणत्या क्रॉलरने कुठे जाऊ नये, ते तीत लिहायचं. क्रॉलरने आत शिरण्याआधी ती वाचायची.

ही फाइल म्हणजे कुलूप नव्हे. देवळाबाहेर ‘पादत्राणे येथे काढावीत’ अशी पाटी असते, तशी ती आहे. पाळणारा पाळतो, न पाळणाऱ्याला कुणी अडवत नाही. एवढा शिष्टाचार २८ वर्षं नुसत्या परस्परविश्वासावर चालला. इंटरनेटच्या अधिकृत मानकांमध्ये त्याची रीतसर नोंद झाली ती थेट सप्टेंबर २०२२मध्ये.

माझ्या यादीतला पहिला मुद्दा याच पाटीचा. साइट तयार होत असताना ‘अजून येऊ नका’ म्हणून आपण पाटी लावतो. त्यासाठी ‘डिसअलाउ’ शब्दापुढे एक तिरकी रेघ पुरते. साइट सुरू होते, उद्घाटनाचे फोटोही टाकले जातात, पण ती रेघ तशीच राहते. मग महिनोन्‌महिने क्रॉलर दारावरूनच परत जातो.

याच पाटीची एक उलटी गंमतही आहे. एखादं पान सूचीतून काढून टाकायचं असेल तर त्या पानातच ‘नोइंडेक्स’ अशी सूचना लिहितात. पण त्याच वेळी पाटी लावून क्रॉलरला बाहेर अडवलं, तर आतली सूचना तो वाचणार कसा? दुसऱ्या साइटवरच्या लिंकमुळे पत्ता त्याला माहीत असतो, म्हणून नको असलेलं पान निव्वळ पत्त्याच्या रूपात सूचीत राहू शकतं. दार बंद करणं आणि यादीतून नाव काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पाटी नीट असली तरी वाट असायला हवी. एका नियतकालिकाच्या साइटवर जुने अंक बघायचे तर यादीतून वर्ष निवडून बटण दाबावं लागायचं. माणसाला ते सोपं आहे, पण क्रॉलर अशी बटणं दाबेल याचा भरवसा नसतो. तो साध्या लिंकच्या वाटेने चालतो. वर्षानुवर्षांचे अंक साइटवर होते, पण तिथवर एकही लिंक जात नव्हती. आम्ही सगळ्या अंकांच्या लिंक असलेलं एक साधं पान बनवलं आणि जोडीला साइटमॅप दिला. साइटमॅप म्हणजे साइटने स्वतःच दिलेली आपल्या पानांची यादी. गूगलने ही पद्धत २००५मध्ये आणली आणि पुढच्या वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही ती स्वीकारली. कल्पना मात्र जुनी होती. कोस्टरनेच १९९३मध्ये अलीवेब नावाची सेवा काढली होती आणि तिच्यात साइटवाल्यांनी आपली माहिती स्वतः लिहून द्यायची होती.

आता दुसरा प्रश्न: क्रॉलर पोहोचला, पण त्याला वाचता आलं का? इथे मराठीचं पान सुरू होतं.

नव्वदीच्या अखेरीस मराठी वेबसाइट निघू लागल्या, तेव्हा छपाईसाठी बनलेले फाँट हाताशी होते. त्यांची युक्ती अशी, की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं ठेवायची आणि फाँटमध्ये त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढायचे. कृतीदेव हा हिंदीकडे जास्त चालणारा फाँट घ्या. त्यात ‘कमल’ लिहिलं की पोटात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं साठतात. पडद्यावर कमळ आणि पोटात निरर्थक इंग्रजी! दुसऱ्या कंपनीच्या फाँटची वाटणी आणखी वेगळी. पुढे डायनॅमिक फाँट आले. पानाबरोबर फाँटही आपोआप उतरायचा, त्यामुळे वाचकाची सोय झाली. क्रॉलरला मात्र फाँट दिसत नाही. तो पोटातली अक्षरं वाचतो. त्याने ‘डी-ई-वाय’ नोंदवलं आणि तो पुढे गेला.

वास्तविक उपाय आधीच जन्मला होता. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१मध्ये आली. तिच्यात देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली होती. पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर दिसत नाही. जोडाक्षरं नीट जुळवणारी यंत्रणा आणि फाँट संगणकात असावा लागतो. विंडोज २०००पासून तो मिळू लागला. त्यातला मंगल हा फाँट घडवला र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार होते आणि मराठी कवीही. तरीही घरोघरी आणि सायबर कॅफेत विंडोज ९८ होतं, आणि एक्सपीमध्येही ही सोय मुद्दाम सुरू करावी लागे.

तेव्हाच्या संपादकांपुढे पेच होता. युनिकोड वापरावं तर यंत्राला कळेल, पण पुष्कळ वाचकांना चौकोन दिसतील. जुना फाँट वापरावा तर वाचकाला दिसेल, पण यंत्राला कळणार नाही. त्यांनी वाचक निवडला. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

त्याची किंमत मोठी होती. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी वेबखोज नावाचं सर्च इंजिन बनवलं होतं. ते निरनिराळ्या फाँटमधला मजकूर आधी एका साच्यात आणायचं आणि मग सूची करायचं. या वेगवेगळ्या संकेतांमुळे वेबवरचा ९५ टक्क्यांहून अधिक भारतीय भाषांतला मजकूर शोधताच येत नाही, असं त्यांनी २००६च्या आपल्या निबंधात लिहिलं. कथा, परीक्षणं, बातम्या, वाचकांची पत्रं असं सगळं त्यात आलं. काहींनी नंतर मजकूर युनिकोडमध्ये आणला. ज्यांच्याकडे माणूस किंवा पैसा नव्हता, त्यांच्या साइट तशाच विझल्या. सर्च इंजिनने त्यांची कधी दखलच घेतली नव्हती, त्यामुळे त्या गेल्याचंही फारसं कुणाला कळलं नाही.

युनिकोड आलं म्हणून सगळं सरळ झालं असंही नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक २००८मध्ये मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत, आणि आजही काही जण तसंच लिहितात. ‘दुसऱ्या’ हा शब्द नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन लिहिता येतो, तसाच साधा ‘र’ आणि न दिसणारं एक जोडचिन्ह घेऊनही. डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, पण यंत्राला ही वेगवेगळी अक्षरं आहेत. सर्च इंजिन यातलं बरंचसं सांभाळून घेतं, पण साइटचा स्वतःचा शोधखोका सहसा एवढा समंजस नसतो.

आणि जुने फाँट तरी कुठे गेलेत? कितीतरी मासिकं आणि दिवाळी अंक अजूनही त्याच फाँटमध्ये जुळवले जातात आणि त्यांची पीडीएफ वेबवर चढते. मोबाइलवर सुरेख दिसते, सगळीकडे फॉरवर्ड होते आणि आत पुन्हा तेच निरर्थक इंग्रजी असतं. सर्च इंजिन कधीकधी चित्रातली अक्षरं ओळखून घेतं, पण त्याच्या भरवशावर अख्खा अंक सोडू नये.

म्हणून माझ्या यादीतला शेवटचा मुद्दा तुम्हीही फोनवर तपासू शकता. पीडीएफमधल्या एका ओळीवर बोट दाबून धरा, ती कॉपी करा आणि स्वतःलाच पाठवायच्या मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठी उमटली तर उत्तम. आडवंतिडवं इंग्रजी उमटलं, तर अंक काढणाऱ्यांना सांगा: ‘मूळ मजकूर युनिकोडमध्येही टाका.’ जुळणी करणाऱ्याचा थोडा वेळ जाईल, पण तो लेख आणखी दहा वर्षांनी कुणाला तरी सापडेल.